तळ्याची वही: झुडपं काढली आणि ओल सापडली

मागच्या नोंदीत धक्क्याच्या फळ्या बसवून दाखवीन म्हणालो होतो. फळ्या अजून शेडमध्येच आहेत. गेले अकरा आठवडे आम्ही दोघे भाऊ तळ्याकडे पाठ करून बांधाच्या मागच्या उतारावर राबतोय. खरं सांगायचं तर तळं ताब्यात आल्यापासून इतकी मजा आली नव्हती.

नव्या मंडळींसाठी मोजमापं: बांध मातीचा, सगळ्यात उंच जागी 6 मीटर, लांबी 90 मीटर, माथा साडेतीन मीटर रुंद. पाण्याकडचा उतार तीनास एक, मागचा अडीचास एक. तळं भरलं की पाण्याखाली दीड हेक्टर. क्षेत्रफळ गुणिले जास्तीत जास्त खोली गुणिले 0.4 हा ढोबळ हिशेब लावला, तर साडेचार मीटर खोलीला 27,000 घनमीटर होतात. म्हणजे 2 कोटी 70 लाख लिटर. वल्हवायला आणि गळ टाकून बसायला हे तळं छोटंसंच, पण बांधाच्या पायथ्याशी उभं राहून हा आकडा म्हटला की आवाज आपोआप खाली येतो.

पहिले तीन आठवडे नुसती झुडपं. मनगटाएवढ्या खोडापर्यंतची मुळासकट उपटली, खड्ड्यात थोडी थोडी माती टाकून प्रत्येक थर धुमसाने ठोकला. दोन मोठी झाडं मात्र तशीच ठेवली आहेत. ती नुसती तोडली की आत मुळं कुजणार आणि कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती नळी मिळणार. ती काढायची तर तळं उतरवून, जाणकार इंजिनिअर समोर उभे असताना. झुडपांखाली पाच बिळं निघाली. कोणाची ते कळलं नाही, मालक घरी नव्हते.

चौथ्या आठवड्यात खरी गोष्ट दिसली. पायथ्यापासून हातभर वर, सतरंजीएवढ्या जागेत गवत नको इतकं हिरवं होतं आणि मधोमध पाणकणसाची चार पाती. पाय ठेवला तर बुटाभोवती पाणी. इतकी वर्षं त्यावर घाणेरी माजली होती, म्हणून कोणाला पत्ता नाही.

दादा लगेच म्हणाला, “चार घमेली चिकणमाती आण, लिंपून टाकू.” मी घमेलं उचललंही होतं. नशिबाने आधी फोन केला. इंजिनिअर साहेब पलीकडून जवळजवळ ओरडलेच, “लिंपू नका!” मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरणारच. त्याची बाहेर यायची वाट बुजवली की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा जास्त वाईट जागी फुटतं. पाणी जाऊ द्यायचं, त्याच्याबरोबर माती जाऊ द्यायची नाही. आणि तोवर रोज मोजायचं.

मग मोजायचा नाद लागला. ओलीचं पाणी एका चरात गोळा केलं आणि चराच्या तोंडाशी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची 90 अंशांची व्ही-खाच बसवली. खाचेच्या टोकापासून पाणी किती वर आहे ते मीटरमध्ये घ्यायचं, त्याचा अडीचवा घात करायचा, 1.38 ने गुणायचं, की सेकंदाला घनमीटर मिळतात. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो, म्हणून एकेक मिलिमीटर महत्त्वाचा. उंचीची पट्टी खाचेला चिकटवू नका (मी चिकटवली होती). तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. पट्टी जरा मागे, शांत पाण्यात हवी. पाच सेंटिमीटरच्या खाली हे सूत्र थोडं लंगडतं, म्हणून पडताळ्याला बादली. 3 सेंटिमीटरला सूत्र सांगतं सेकंदाला 0.215 लिटर. दहा लिटरची बादली 46 सेकंदांत भरली. दादाने स्टॉपवॉच तीनदा लावून बघितलं, त्याचा माझ्या गणितावर शाळेपासून विश्वास नाही.

रोज सकाळी तीन नोंदी: तळ्याची पातळी, खाचेतली उंची आणि काचेच्या बरणीत भरलेलं पाझराचं पाणी. बरणी चोवीस तास हलवायची नाही, मागे काळा कागद धरून तळ बघायचा. पहिले दोन आठवडे 31 मिलिमीटरच्या आसपास, बरणी स्वच्छ. पातळी वाढली की पाझर वाढतो, उतरली की कमी होतो. हे चालतं. पातळी तीच असताना पाझर वाढला किंवा पाणी गढूळ झालं, तर मात्र सगळी कामं बाजूला.

आता चूक सांगतो. सातव्या आठवड्यात पाऊस लागला आणि सांडव्यावरून (तळ्यातलं जादा पाणी बाहेर जायची वाट) पाण्याबरोबर दादाचे गवत्या मासे निघाले. “माझे सगळे मासे चाललेत रे!” म्हणून त्याने सांडव्यावर आडवी जाळी बांधली आणि मीही दुसरं टोक धरलं. रात्रभर पडलं. पहाटे टॉर्च घेऊन गेलो तर जाळीचा पालापाचोळा आणि शेवाळाने कोट झालेला, पलीकडे बारीक धार आणि अलीकडे पाणी सांडव्याच्या उंबरठ्याच्या 35 सेंटिमीटर वर. उंबरठ्यापासून माथ्यापर्यंत आमच्याकडे एकूण 90 सेंटिमीटर. सांडव्यात उतरणं म्हणजे वेडेपणा, म्हणून कडेवरूनच लांब काठीला विळा बांधून जाळीच्या दोऱ्या कापल्या. शेवटची दोरी तुटली तेव्हा सगळा गठ्ठा एकदम उलटून गेला, आणि मासेही. दादा काही बोलला नाही.

साउथ फोर्कची गोष्ट मी वाचलेली होती, तरी हे केलं, त्याची जास्त लाज वाटते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कालव्यासाठी बांधलेलं ते मातीचं धरण 1879 मध्ये मासेमारी आणि शिकारीच्या एका खासगी क्लबसाठी घेतलं गेलं. तळाशी असलेले लोखंडी पाइप आधीच भंगारात गेले होते, ते परत घातलेच नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला. आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 ला मोठ्या पावसात जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. सुमारे 22 किलोमीटर खालच्या जॉन्सटाउनपर्यंत पाणी पोहोचलं. 2,200 हून जास्त माणसं गेली. तेव्हा ते धरण सरोवराच्या मौजेसाठीच राखलं होतं, आमच्यासारखंच. जॉर्जियातलं केली बार्न्सही खासगी आणि मातीचंच. वीजनिर्मिती बंद झाल्यावर फक्त तळं म्हणून उरलेलं ते धरण 6 नोव्हेंबर 1977 ला मध्यरात्रीनंतर फुटलं, 39 जण गेले. तिथे एकच एक कारण हाती लागलं नाही, पण मागचा अती उभा उतार संशयितांमध्ये होता.

त्या रात्रीनंतर खाचेत 38 मिलिमीटर होते, म्हणजे सेकंदाला 0.39 लिटर. पातळी चढली होती, तेव्हा वाढ अपेक्षितच. बरणीने मात्र घाबरवलं. तळाशी नखाच्या कडेएवढा राखाडी थर. बोटाला लावून चोळला तर मऊ, कणी अजिबात नाही. बांधाच्या आतली बारीक माती बाहेर येत होती.

साहेब त्याच दिवशी आले आणि तळं एक मीटर उतरवायला सांगितलं. आमची तळाची झडप गंजून बसलेली आहे (साउथ फोर्कवाल्यांना हसायचं तोंड आम्हाला नाही), म्हणून माथ्यावरून 150 मिलिमीटरचा पाइप टाकून सायफन केला. दोन्ही टोकं बंद, वरच्या टी-आकाराच्या जोडातून पाइप काठोकाठ भरला, टी घट्ट केली, आधी पाण्यातलं टोक उघडलं, मग खालचं. पहिल्या प्रयत्नात टीतून हवा शिरली आणि पाइप नुसता घुरघुरला. दुसऱ्यात चालला. सोडलेलं पाणी पायथा कापणार नाही इतकं लांब नेलं. वेग मुद्दाम कमी, दिवसाला 15 सेंटिमीटर. घाईने उतरवलं तर पाण्याकडचा उतार आतून भिजलेलाच राहतो, त्याला टेकू देणारं पाणी तेवढं निघून जातं आणि तो घसरतो. साहेबांच्या मते एक फुटाच्या वर एका दिवशी कधीच नाही.

ओलीवर उलटी गाळण घातली: आधी वाळू, मग बारीक खडी, वर दगड. जाड वर, बारीक खाली. वाळू कुठलीही चालत नाही. बांधाची माती आणि वाळू चाळून टेर्झागी या माती-तज्ज्ञाचा नियम लावायचा: वाळूतले ज्याच्याहून बारीक फक्त 15 टक्के कण आहेत तो आकार, मातीतले ज्याच्याहून बारीक 85 टक्के आहेत त्या आकाराच्या चौपटीहून कमी हवा. म्हणजे मातीचे मोठे कण वाळूच्या फटींत अडकतात आणि आपल्या मागच्या बारीक कणांना तेच अडवतात. आम्ही आणलेली पहिली वाळू फारच जाड निघाली, ती धक्क्याजवळ पडून आहे.

आजची नोंद: पाणी उंबरठ्याच्या एक मीटर खाली, खाचेत 24 मिलिमीटर, बरणी सहा दिवस स्वच्छ. तळं भरल्यावर काय दिसतं ते बघायचं आहे. त्याआधी झडप. सांडव्यावर जाळी नाही. बरंच अलीकडे, शांत पाण्यात, ओंडके साखळीने बांधून तरंगता अडसर टाकला आहे, म्हणजे कचरा तिथेच थांबेल. मासे जायचे ते जातील. दादाने गळ गुंडाळून ठेवलाय, पण पहाटे बरणी आणायला माझ्या आधी तोच जातो.