टॅक्सीच्या अर्जावर आलेली कॅमेरो

गेल्या महिन्यात चिपळूणहून माझा भाचा गुहागरला आला होता. त्याचे स्वतःचे गॅरेज आहे आणि बोनेट उघडल्याशिवाय कोणत्याही गाडीविषयी मत द्यायचे नाही, असा त्याचा बाणा आहे. माझ्याकडचे जुन्या अमेरिकी मोटारींचे चित्रमय पुस्तक चाळता चाळता त्याने विचारले, "मामा, गाडी जर फॅक्टरीतूनच बाहेर पडली असेल, तर ती दुर्मिळ कशी? फॅक्टरी म्हणजे हजारोंनी माल काढायची जागा ना?" प्रश्न रास्त होता. नोकरीची सगळी वर्षे कचेरीत अर्ज तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण मला त्याचे उत्तर इंजिनापेक्षा कागदांत अधिक दिसते.

ज्यांना मसल कार म्हणतात, त्या मोटारींची कल्पना अगदी साधी होती: मध्यम आकाराच्या, सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरांचे, इंजिन बसवायचे. या वंशाची मूळ गाडी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओसुद्धा एका पळवाटेतूनच आली. मध्यम गाड्यांत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा पॉन्टिअॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता; पॉन्टिअॅकच्या अभियंत्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन नव्या गाडीत न दाखवता टेम्पेस्ट ल मान्स या चालू गाडीवरचा 'ऐच्छिक संच' म्हणून यादीत टाकले. नियम गाडीविषयी होता, संचाविषयी नव्हता. पहिल्याच वर्षी अशा ३२ हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या आणि मग वरिष्ठांनाही त्या पळवाटेत काही गैर दिसेनासे झाले.

तरीही नियम उरलाच, फक्त त्याची मर्यादा ४०० घन इंचांपर्यंत सरकली. जनरल मोटर्सच्याच शेव्हरोलेकडे ४२७ घन इंचांचे, म्हणजे सात लिटरचे इंजिन होते आणि ते त्यांच्या कॅमेरो या गाडीत बसत होते. बसवायची परवानगी तेवढी नव्हती. इथे 'सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर', म्हणजे ज्याला सगळे 'कोपो' म्हणतात, तो फॉर्म कामी आला. टॅक्सी कंपन्या, पोलीस खाती किंवा वेगळा रंग हवा असलेले घाऊक ग्राहक यांच्यासाठी ही सोय होती: नेहमीच्या यादीत नसलेली वस्तू हवी असेल, तर मध्यवर्ती कार्यालयाकडे मागणी नोंदवायची. शर्यतींची बाजू सांभाळणाऱ्या विन्स पिगिन्स यांनी हीच वाट वेगवान गाड्यांसाठी वापरली. पोलिसांच्या गाडीला जाड सीट मागावी, त्याच रीतीने इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या छोट्या गावातील विक्रेते फ्रेड गिब यांनी १९६९ सालासाठी संपूर्ण अॅल्युमिनियमच्या झेडएल-१ इंजिनाच्या ५० कॅमेरो मागवल्या, कारण ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या शर्यतीच्या, संबंधित वर्गात उतरायला किमान तेवढ्या गाड्या बनलेल्या असणे आवश्यक होते.

हे इंजिन कॅन-अॅम या कॅनडा-अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या अनुभवातून घडलेले होते. लोखंडी ४२७ च्या तुलनेत ते इतके हलके होते की त्याचे वजन लहान व्ही-एटच्या आसपास भरे. कागदावर त्याची ताकद ४३० अश्वशक्ती लिहिलेली होती. प्रत्यक्षात ती ५०० च्या वर होती, हे सर्वांना माहीत होते. (कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यांतले अंतर मला मुळीच नवीन नाही.) पण एकट्या इंजिनापोटीच चार हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागत आणि पूर्ण गाडी सात हजारांच्या पुढे जाई, म्हणजे साध्या कॅमेरोच्या दुपटीहून जास्त. ला हार्पसारख्या गावात ती घेणार कोण? गिब यांच्याकडच्या बहुसंख्य गाड्या परत जाऊन देशभरातील अन्य विक्रेत्यांत वाटल्या गेल्या. अशा एकूण ६९ कॅमेरो बनल्या आणि तिथेच तो अध्याय मिटला.

भाच्याला मी सांगितले की आमच्याकडे हापूसची पेटी वेळेत विकली गेली नाही, तर ती दुर्मिळ होत नाही, कुजते. पत्र्याचे तसे नसते. तो जितका काळ पडून राहतो आणि त्याची भावंडे जितकी भंगारात जातात, तितका उरलेल्याचा भाव चढतो. १९७१ ची हेमी, म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षाच्या, इंजिनाची प्लिमथ 'कुडा कन्व्हर्टिबल घ्या: विम्याचे हप्ते भडकले होते, धुराचे नियम कडक होऊ लागले होते, त्यामुळे अशा अवघ्या ११ गाड्या बनल्या, त्यांतली एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरांना गेली.

काही गाड्या तर मुळात रस्त्यासाठी नव्हत्याच. १९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टला आतल्या बाजूचे दोन हेडलाइट नव्हते. त्या भोकांतून इंजिनाला हवा जाई. अशा १०० बनल्या. १९६८ च्या हेमी डार्टमध्ये मागची सीट नाही, हीटर नाही, रेडिओ नाही, आणि दाराची काच वर ओढायला हँडलऐवजी एक पट्टा. जूनच्या पावसात कुंभार्ली घाट चढताना तो पट्टा धरून बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला हसू आवरेना.

सर्वांत विचित्र रूप मात्र प्लिमथ सुपरबर्डचे. तिच्या आधीच्या वर्षीची डॉज चार्जर डेटोना ही नॅस्कार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या संस्थेच्या ५०० गाड्यांच्या अटीपुरती, म्हणजे ५०३ इतकीच बनली होती. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकर यांनी तिच्यातूनच ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. सुपरबर्डच्या वेळी अट बदलून दर दोन विक्रेत्यांमागे एक गाडी अशी झाली, आणि फोर्डकडे गेलेले शर्यतपटू रिचर्ड पेटी यांना परत आणण्याच्या इराद्याने जन्मलेली ही गाडी १,९०० हून अधिक संख्येने बनवावी लागली. पुढे टोकदार नाक, मागे जवळजवळ दोन फूट उंच पंख, आणि मागच्या काचेभोवतीच्या घाईच्या वेल्डिंगवर पांघरूण म्हणून छतावर व्हायनिल. ट्रॅकवर ती देखणी दिसे. शोरूममध्ये गिऱ्हाईक तिच्याभोवती एक फेरी मारून प्लिमथचीच साधी रोडरनर घेऊन जाई. कंटाळलेल्या काही विक्रेत्यांनी नाक आणि पंख उतरवून, रोडरनरचा पुढचा भाग जोडून, ती साधी गाडी म्हणून विकून टाकली. नॅस्कारने १९७१ साठी अशा पंखवाल्या गाड्यांच्या इंजिनावर ३०५ घन इंचांची मर्यादा घातली, तेव्हा उरलासुरला अर्थही संपला.

इतका वेळ निमूट ऐकणारा भाचा इथे अस्वस्थ झाला. त्याच्या गॅरेजमागे फणसाखाली उतरवलेल्या बंपरांचा आणि दारांचा एक ढीग आहे, जो तो कोणत्याही भंगारवाल्याला हात लावू देत नाही. पुस्तक मिटत त्याने विचारले, "मामा, पण ती उतरवलेली नाकं त्यांनी ठेवली कुठे?"