डीनॉइजची नवी आवृत्ती घ्यायची का? खाडी, येऊर आणि कर्नाळ्याच्या फायलींवरची चाचणी

पक्ष्यांच्या फोटोंतला नॉइज, म्हणजे कमी प्रकाशात दिसणारे दाणे आणि डाग, काढायला मी डीनॉइज सॉफ्टवेअर वापरते. त्याची नवी आवृत्ती येऊन बरेच महिने झालेत. अपग्रेडवर सवलत असल्याचे मेल येत राहतात, आणि आता पावसाळा तोंडावर आलाय. वर्षातले सगळ्यात अंधारे आणि मला सगळ्यात प्रिय फोटो याच दिवसांत निघतात. म्हणून यंदा कुणाचे व्हिडिओ बघून नाही, तर स्वतःच्या फायली घालून ठरवायचं असं पक्कं केलं. नव्या आवृत्तीची ट्रायल उतरवली आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवल्या.

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. निकाल माझ्या सेन्सरवरचा, माझ्या लेन्सवरचा आहे. नावासकट लिहिला की तो सगळ्यांसाठीचा निवाडा वाटतो, आणि तसा तो नाही. बॉडी एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची), २४ मेगापिक्सेल. लेन्स १५०-६०० मिमी, लांबच्या टोकाला एफ ६.३, म्हणजे प्रकाश कमीच आत येतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे अशीच जोडी आहे, त्यामुळे हे वाचून थोडाफार उपयोग व्हावा.

खाडीच्या फायली

हा भाग लवकर आटोपला. ठाणे खाडीत ऐरोलीहून बोटीत बसून काढलेले आणि सीवूड्सला टी. एस. चाणक्यच्या बाजूचे रोहित पक्ष्यांचे फोटो दोन्ही आवृत्त्यांतून काढले. सकाळचं ऊन, उघडं पाणी, आयएसओ (टिपलेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा) ४०० ते ८००. शंभर टक्के झूम करूनही मला फरक दाखवता येत नाही. पहाटेच्या धुक्यातल्या फोटोंवर डीहेझ (धुकं कमी करणारा स्लायडर) ओढल्यावर नॉइज वर येतो, पण तोही जुनी आवृत्ती सहज उचलते. छोट्या रोहितची गडद लाल चोच आणि मोठ्या रोहितची गुलाबी, टोकाला काळी चोच दोन्हींत सारखीच स्वच्छ दिसते. फक्त खाडीवर जाणाऱ्यांनी अपग्रेडचा विचारही करू नये, इतकं स्पष्ट आहे हे. ठाणे खाडीवर प्रकाश भरपूर असतो. तिथले खरे प्रश्न भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्यावरून उठणारी उन्हाची लहर हे आहेत, आणि त्यांवर डीनॉइज काही करू शकत नाही.

नॉइज कुठून येतो ते आधी

येऊर आणि कर्नाळ्याच्या रानातल्या फायलींकडे वळण्याआधी हे मांडायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय यावरच उभा आहे. आयएसओ वाढवल्यामुळे नॉइज वाढतो असं आपण बोलतो. खरं म्हणजे सेन्सरवर प्रकाश कमी पडला म्हणून नॉइज दिसतो. आयएसओ त्या तुटपुंज्या प्रकाशाला फक्त मोठं करून दाखवतो. प्रकाश कणाकणांनी येतो आणि त्या येण्यात मुळातच चढउतार असतो. प्रकाश चौपट झाला की चित्र आणि नॉइज यांचं गुणोत्तर दुप्पट सुधारतं, चौपट नाही. उलट्या बाजूनं बघितलं तर प्रकाश एक चतुर्थांश झाला तरी दर्जा निम्म्यावरच थांबतो.

दुसरी गोष्ट रंगांची. आपल्या सेन्सरवरच्या जाळीत निम्मे पिक्सेल हिरवा प्रकाश टिपतात, लाल आणि निळ्याला प्रत्येकी पाव वाटा येतो. पावसाळ्यात कर्नाळ्याला दाट पानांखाली येणारा प्रकाश आधीच हिरवट असतो. व्हाइट बॅलन्स बरोबर करताना, म्हणजे रंग नैसर्गिक करताना, लाल आणि निळा आणखी ताणावे लागतात. आणि त्यात समोर बसतो तिबोटी खंड्या, नारिंगी, जांभळा, निळा! ज्या रंगांसाठी सेन्सरकडे सगळ्यात कमी माहिती आहे, नेमके तेच रंग. त्याच्या पाठीवर आणि मागच्या काळपट झाडीत जे जांभळे-हिरवे डाग पडतात त्यांचं मूळ इथे आहे.

जुने डीनॉइज स्लायडर हे डाग घासून पुसायचे आणि पिसंही त्यासोबत जायची. डीएक्सओ कंपनीनं ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोलॅब ४ सोबत डीपप्राइम आणलं, तेव्हा जाळीतून रंग उलगडणं (प्रत्येक पिक्सेलला न टिपलेले दोन रंग भरणं) आणि नॉइज काढणं ही दोन्ही कामं एकत्र, शिकवलेल्या न्यूरल नेटवर्ककडून होऊ लागली. २०२२ मध्ये टोपाझचं फोटो एआय आलं, एप्रिल २०२३ मध्ये अडोबीनं लाइटरूममध्येच डीनॉइज दिलं. ती उडी प्रचंड होती. अजून स्लायडरवरच काम करणारं कुणी असेल तर पुढचं न वाचता यांतलं कोणतंही घ्या. तुमच्या जुन्या रॉ फायलींतून (सेन्सरनं टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) तुम्हाला नवे फोटो मिळतील, हे मी मनापासून सांगते. माझा प्रश्न त्या उडीनंतरच्या छोट्या पायरीचा आहे.

गॅलरीतली चाचणी

रानातल्या फोटोत अडचण ही की खरं पीस कसं होतं हे कुणालाच माहीत नसतं. डिटेल परत आलं की नव्यानं काढलं गेलं, हे ठरवायचं कशावरून? म्हणून घरीच एक मांडणी केली. गॅलरीत पडलेलं पारव्याचं पीस, खणाच्या ब्लाउजपीसचा तुकडा आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचं पान, तिन्ही एका पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टेकवले. संध्याकाळी पडदे ओढून घरातला एक मिणमिणता दिवा ठेवला. कॅमेरा ट्रायपॉडवर. आयएसओ १०० ला दोन सेकंदांचा फोटो काढला. त्यात नॉइज जवळजवळ नाही, तोच आपला खरा दाखला. मग शटरचा वेळ कमी करत आयएसओ ३२००, ६४००, १२८०० आणि २५६००. ही मांडणी कुणालाही जमेल, जरूर करून बघा. पडद्यावरच्या तुलनेत जे वाटतं त्यापेक्षा यात बरंच वेगळं दिसतं.

३२०० ला दोन्ही सारख्या. ६४०० ला नवी आवृत्ती नक्की पुढे आहे. खणातले बारीक बुट्टे जुनीत एकमेकांत मिसळतात, नवीत सुटे राहतात, आणि दाखल्याशी ताडून पाहिले तर ते बुट्टे खरे आहेत. इथपर्यंत मी पैसे भरायला तयार झाले होते.

१२८०० ला चित्र बदललं. पारव्याच्या पिसात एका जागी धागे फाटून फट पडली होती. जुन्या आवृत्तीत तिथे धूसर पट्टा आला. नवीनं ती फट बुजवून टाकली आणि वरून सरळ, नीटनेटके धागे काढले. दिसायला फार सुंदर. पण ते पीस तसं नव्हतं.

आणि २५६०० चं वर्तमानपत्र. या एका फायलीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. जुन्या आवृत्तीत बारीक अक्षरं विरघळून जातात. नवीत ती ठसठशीत येतात, पण काही ठिकाणी ‘भ’ चा ‘म’ झालाय, ‘घ’ चा ‘ध’, आणि एका जोडाक्षराच्या जागी असा आकार आलाय की तो आपल्या लिपीतच नाही. धूसर अक्षर वाचता येत नाही हे डोळ्याला लगेच कळतं. ठसठशीत चुकीचं अक्षर आपण बिनदिक्कत वाचून मोकळे होतो.

पक्ष्यांच्या बाबतीत याचा अर्थ साधा नाही. हिवाळ्यात येऊरला येणारे पर्णवटवटे आठवा. पंखावर पुसट पट्टी आहे की नाही, भुवईची रेघ चोचीपर्यंत पोचते की नाही, यावर आपण ओळख ठरवतो आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसकट नोंद टाकतो. ती पट्टी सेन्सरनं टिपलेली असावी, सॉफ्टवेअरनं रेखलेली नसावी. नोंदीसाठीचा फोटो असेल तेव्हा मी आता डीनॉइज अगदी कमी ठेवते आणि मूळ फाईलही सोबत जपते. तुम्हीही तसंच करावं असं मला वाटतं, सॉफ्टवेअर कुठलंही असो.

गेल्या पावसाळ्याच्या फायली

आता ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते. कर्नाळ्याचा तिबोटी खंड्या, येऊरच्या उतारावरचा नवरंग, पाटोणपाड्याकडच्या वाटेवरचा स्वर्गीय नर्तक. आयएसओ ६४०० ते १२८००, बहुतेक क्रॉप केलेले.

खंड्याच्या मागची झाडी नव्या आवृत्तीत फारच छान येते. ते जांभळे-हिरवे डाग जवळपास नाहीसे होतात आणि काळोख काळोखासारखा दिसतो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा श्वासच अडकला. जुनीत डाग पुसट होतात पण राहतात, मला तेवढा भाग वेगळा निवडून (मास्क करून) ते काढावे लागतात. नवरंगाच्या पोटावरचा लाल भागही नवीत जास्त एकसंध. छातीच्या बारीक पिसांबद्दल मात्र गॅलरीतल्या चाचणीनंतर माझा भरवसा उरला नाही. फोटो देखणा आहे, पण कोणतं पीस खंड्याचं आणि कोणतं सॉफ्टवेअरचं हे मी सांगू शकत नाही.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या गटातल्या कोपरखैरण्याच्या ताईंना दोन्ही पाठवले. त्यांचा निरोप आला, “अगं, पडद्यावर काय बघत बसलीस? प्रिंट काढ.” त्या बरोबर होत्या. नौपाड्यात १२ बाय १८ चे प्रिंट काढून घेतले, मागे खुणा केल्या आणि उपवनला सगळ्यांपुढे ठेवले. हातभर अंतरावरून ६४०० च्या जोड्या कुणालाच ओळखता आल्या नाहीत. १२८०० च्या खंड्यात बहुतेकांनी नवी आवृत्ती उचलली, आणि सगळ्यांनी कारण एकच दिलं: पार्श्वभूमी. पिसांबद्दल कुणी बोललं नाही.

त्यावर गटातल्या काकांनी विचारलं, “शटर किती होतं?” १/२५० सेकंद, मी सांगितलं. “बसलेल्या खंड्याला?”

हा मुद्दा माझ्या मनात आधीपासून घोळत होता, पण त्यांनी नेमका पकडला. फांदीवर बसलेला खंड्या बराच वेळ निश्चल असतो. मान जराशी हलते, थांबते. मोनोपॉड (एकपायी स्टँड) घेऊन १/६० ला सलग फोटोंचा बर्स्ट मारला तर त्यातले काही तरी फोटो धारदार मिळतात. १/२५० च्या जागी १/६० म्हणजे प्रकाश चौपट, म्हणजे १२८०० च्या जागी ३२००. वर लिहिलेल्या हिशोबानं दर्जा दुप्पट, आणि या दुपटीतलं प्रत्येक पीस खरं. ३२०० ला माझ्या दोन्ही आवृत्त्या सारख्याच निघाल्या, हे आठवा.

फ्लॅश हा मार्ग मी धरतच नाही. घरट्याच्या दिवसांत तर नाहीच. खंड्या मातीच्या कड्यात बीळ करून पिल्लं वाढवतो, आपण तिथे गर्दी करून चमकवत राहिलो तर चाऱ्याच्या फेऱ्या अडतात. अंधार आहे तर अंधारातच काम करायचं, दुरून, थोडा वेळ, आणि निघायचं.

लॅपटॉप

माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जुनी आवृत्ती एका फायलीला काही मिनिटं घेते, नवी त्याच्या दुपटीहून जास्त. पावसाळ्यातल्या निवडक फोटोंना हे चालेल, रात्री लावून झोपता येतं. पण पंखाही जोरात फिरतो आणि दुसरं कुठलं काम होत नाही. शिवाय बाहेर येणारी फाईल (लिनिअर डीएनजी) मूळ रॉच्या साधारण तिप्पट असते, कारण प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग भरलेले असतात. म्हणजे खर्च लिहिताना सॉफ्टवेअरच्या पुढे ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्कही लिहावी लागते.

ठरलं ते

या पावसाळ्यासाठी अपग्रेड घेत नाही.

मुख्य कारण असं की रॉ फाईल शिळी होत नाही. गेल्या वर्षीचा खंड्या पुढच्या वर्षीच्या सॉफ्टवेअरमधून आजच्याइतकाच, कदाचित जास्त चांगला निघेल. माझा परवाना कायमचा आहे, जुनी आवृत्ती उद्या बंद पडणार नाही. थांबल्यानं काही हातचं जात नाही. प्रकाश मात्र त्या क्षणी टिपला नाही तर कुठलीच आवृत्ती तो परत आणत नाही. म्हणून ते पैसे चांगल्या मोनोपॉडला.

दोन प्रसंगी हा निर्णय बदलेन. एक, बॉडी बदलली तर. रॉवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रत्येक कॅमेऱ्याची ओळख लागते आणि जुन्या आवृत्तीला नव्या बॉडीची ओळख सहसा मिळत नाही; तेव्हा अपग्रेड घ्यावंच लागेल. दुसरा, १२८०० चा एखादा खंड्या मोठ्या प्रिंटसाठी मागितला गेला तर. तेव्हा नवी आवृत्ती घेईन आणि ती फक्त पार्श्वभूमीवर चालवेन, पक्षी जुन्यातला ठेवून दोन्ही लेयर जोडेन. ट्रायलमध्ये एका फाईलवर हे करून पाहिलंय. काठावर थोडं हातानं ब्रश फिरवावं लागतं, पण निकाल मला आतापर्यंतचा सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात सुंदर वाटला.

जूनमध्ये कर्नाळ्याला एकाच फांदीवर १/६०, १/१२५ आणि १/२५० अशा मालिका काढायच्या आहेत, मोनोपॉडसह आणि हातात धरून. प्रत्येक वेगाला धारदार फोटोंचं प्रमाण किती येतं ते पुढच्या नोंदीत लिहीन. फुल-फ्रेम बॉडी असलेलं कुणी सोबत येणार असेल तर फार बरं होईल, म्हणजे त्याच प्रकाशात मोठ्या सेन्सरचं १२८०० ही शेजारी ठेवून बघता येईल.