स्लोला बंद पडणारं आउटबोर्ड: मिक्श्चर स्क्रूला हात सर्वांत शेवटी

फुल रेसवर मशीन छान पळतं, पण जाळं टाकायला वेग कमी केला की मिसिंग करतं आणि गिअर टाकताच बंद पडतं. ८ ते १५ हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागे लावलेल्या इंजिनाची, ही नेहमीची तक्रार. पावसाळाभर होडी वर ओढून ठेवली आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवली की ती हमखास येते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी मिक्श्चर स्क्रूकडे, म्हणजे कार्ब्युरेटरवरच्या पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूकडे जातो. तो जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. गेल्या हंगामात नीट चाललेल्या मशीनचा स्क्रू सहसा आपोआप फिरत नाही. बिघाड दुसरीकडे असतो आणि स्क्रू फिरवून तो फक्त झाकला जातो.

रेस दिलेली असते तेव्हा पेट्रोल मेन जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या मोठ्या भोकाच्या नळीतून ओढलं जातं. स्लोला बटरफ्लाय (हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असतो, मग सगळा भार बारीक भोकाच्या पायलट जेटवर येतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणून कचरा आधी तिथेच अडकतो. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट थर उरतो.

म्हणून जुनं पेट्रोल काढून टाका. ताज्या १० लिटरमध्ये टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं (आउटबोर्डसाठीचं टू-स्ट्रोक) २०० मिली ऑइल घाला. हे ५०:१ झालं, तरी मशीनच्या पुस्तकात वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, तेही बघा.

आता मशीन स्लोला ठेवून चोक किंचित ओढा. सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय: पायलट जेट तुंबलाय किंवा कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून मशीन हवा घेतंय. आणखी बिघडलं, धूर वाढला, तर पेट्रोल जास्त होतंय. फ्लोटची नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई, तपासा. चोकने काही फरक नाही, पण प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबल्यावर सुधारतं? मग फ्युएल पंपाचा पडदा फाटलाय किंवा पाइप कुठेतरी हवा घेतोय.

दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये एक सिलिंडर स्लोला मरतो आणि रेसवर ते लक्षातही येत नाही. मशीन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं टोक इंजिनाला अर्थ करा आणि पुन्हा सुरू करा. वायर लोंबकळत ठेवू नका, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकतो. जी वायर काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. तिथे नवा प्लग लावा; बी७एचएस-१० प्लगचा गॅप १ मिलिमीटर. तरीही मेलेलाच राहिला तर दोन्ही सिलिंडरचं कंप्रेशन (आतला दाब) मोजा. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कार्ब्युरेटर साफ करून उपयोग नाही. आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटं उडत असेल तर रीड व्हॉल्व्हची, म्हणजे कार्ब्युरेटरमागच्या एकेरी झडपेची, पट्टी तुटली किंवा वाकली आहे.

कार्ब्युरेटर खोलायचाच झाला तर मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. पायलट जेट काढून क्लीनरमध्ये भिजवा आणि हवा मारा. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट बदलावाच लागतो. बटरफ्लायजवळच्या बारीक भोकांतही क्लीनर मारा. जेट चकचकीत करून ही भोकं तशीच सोडली की तक्रार तशीच राहते.

यानंतरच ट्यूनिंग. होडी धक्क्याला घट्ट बांधा, पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कुणी नको, मशीन बंद करायची दोरी मनगटाला. बॅरलमध्ये किंवा फ्लशिंगच्या कपांवर (नळाचं पाणी देणाऱ्या रबरी कपांवर) केलेलं सेटिंग पाण्यात टिकत नाही, कारण एक्झॉस्टवरचा पाण्याचा दाब आणि पंख्याचा भार तिथे नसतो. स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आवळून लिहून ठेवलेले फेरे, ते नसतील तर साधारण दीड फेरा, सैल करा. मशीन दहा मिनिटं तापवा, फॉरवर्ड गिअरमध्ये ठेवा. स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या, अडखळेपर्यंत. मग बाहेर, खडबडीत होईपर्यंत. दोन्हींच्या मध्ये ठेवा. एकदम रेस दिल्यावर मशीन कचरलं तर पेट्रोल थोडं वाढवा: स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर, हवेच्या तोंडाकडे असेल तर आत.