गोधडीचं बोचकं आणि पनवेल लोकल

ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये गोधडीचा वरचा थर शिवता येतो, गोधडी पुरी करता येत नाही. तुकड्याला तुकडा जोडणं मशीनवर होतं, मांडीवर होतं, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावरही होतं. पण नंतर खाली अस्तर ताणून पसरायचं, त्यावर मधला थर, त्यावर वरचा, आणि तिन्ही कच्च्या टाक्यांनी नाहीतर पिनांनी एकमेकांना धरून ठेवायचे. त्याला एकसलग मोकळी जमीन लागते. ६० बाय ९० इंचांची एका माणसाची गोधडी म्हणजे ५ फूट बाय साडेसात. अस्तर चारी बाजूंनी तीन-चार इंच जास्त ठेवावं लागतं, वर भोवताली गुडघे टेकायला जागा हवी. आमच्या हॉलमध्ये सोफा बाल्कनीत ढकलला तरी कपाट मध्ये येतंच. हा छंद असलेल्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांच्या माळ्यावर असे वरचे थर घडी घालून पडलेत ते याचमुळे. हौस संपलेली नाही, जमीन नाही.

माझा तोडगा म्हणजे बेलापूरची आत्या. ती आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते आणि तिच्या दारात अंगण आहे.

निघण्याआधी जांभळी नाक्याला जाणं आलंच. सकाळी तिथे धान्य आणि भाजीवाल्यांची एवढी गर्दी असते की दोऱ्याच्या रिळासाठी कुणी थांबलंय याचं लोकांना नवल वाटावं. जाडसर सुती दोरा, मेणाचा तुकडा (दोरा त्यावरून ओढला की गुंतत नाही), आणि अस्तराला मांजरपाट. मांजरपाट आदल्या आठवड्यातच घेऊन भिजवून ठेवलेला बरा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि वरचे तुकडे जुन्या साड्यांचे, आधीच आटून बसलेले असतील, तर एका धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात. काहींना त्या आवडतात. मला मधल्या भागात आवडतात, काठाला नाही. लाल कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहायचं. फडकं गुलाबी झालं तर तो तुकडा गोधडीत जात नाही, कितीही देखणा असो.

बोचकं पाठीला मारून नऊ-दहा नंबरच्या फलाटाकडे. वाशीची गाडी सोडायची, पनवेलची धरायची, म्हणजे थेट बेलापूरला उतरता येतं. २००४ साली ट्रान्स हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ही लोकल, सुरू झाली, त्याआधी आत्याकडे जायचं म्हणजे कुर्ल्याला गाडी बदला नाहीतर ठाणे-बेलापूर रस्त्याने बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्या. आता डाव्या हाताला पारसिकचे डोंगर आणि एमआयडीसीचे कारखाने, उजवीकडे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या इमारती. बोचकं पाहून शेजारचे काका विचारतात, "लाँड्रीचा धंदा का?" गोधडी आहे, मीच शिवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मिसेस शिवत नाहीत?" नाही. ती मोटारसायकल दुरुस्त करते, पण तो विषय कोपरखैरणे ते तुर्भे एवढ्यात संपत नाही.

आर्टिस्ट व्हिलेज वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, आखलं. सात घरांचा पुंजका, त्याच्या मधोमध साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं सामाईक अंगण. असे तीन पुंजके मिळून आणखी मोठं अंगण. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, ज्याला जसं परवडेल तसं घर वाढवता यावं म्हणून. लोकांनी ते मनापासून वाढवलं. बैठ्या कौलारू घरांच्या जागी बऱ्याच ठिकाणी आता दुमजली बंगले आहेत आणि अंगणात गाड्या. कोरियांचे चाहते हळहळतात. मला गाड्यांचा राग येतो तो एवढ्याचसाठी, की एक गाडी म्हणजे दोन गोधड्यांची जागा. आत्याच्या अंगणातली गाडी शेजाऱ्यांची. "जरा काढता का, भाच्याची गोधडी घालायचीय," एवढं म्हटलं की ते काढतात.

चटयांवर अस्तर पसरलं, कडांना विटा ठेवल्या. मी पुस्तकी पद्धतीचा. मधून सुरुवात, पिना मारत बाहेर, म्हणजे कापडातला फुगवटा काठाकडे सरकतो आणि तिथे जादाचं कापड कापून टाकता येतं. तेवढ्यात बेलापूर गावातल्या आजी आल्या. आत्याच्या जुन्या मैत्रीण, आगरी, हातात पानाची पिशवी. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मधनं कशाला रं बाला? आधी काठ धर, मंग आत जा."

त्यांची रीत उलटी, म्हणजे आपली जुनी रीत. आधी चारी कडा आत दुमडून पक्क्या करायच्या, मग काठाच्या कडेकडेने धावदोरा घालत फेऱ्या मारत मध्यावर पोचायचं. मी विचारलं, फुगवटा मधे जमला तर? "लुगऱ्याला फुगा येत नाय. हातानं मुरवायचा." आणि खरंच, जुनं नऊवारी इतकं मऊ पडलेलं असतं की दर टाक्याला सुताइतकं कापड सुईवर गोळा होतं आणि फुगवटा त्या बारीक लाटांत विरतो. कोऱ्या मांजरपाटाला आणि मधल्या पॉलिस्टरच्या थराला ते जमत नाही, ते ताठ असतात. पद्धती दोन झाल्या त्या कापडामुळे. जुन्या साड्यांच्या गोधडीला कापून टाकायला जादा काठच नसतो, साडी आहे तेवढीच.

आम्ही भांडून तडजोड केली. पिना माझ्या रीतीने, टाके त्यांच्या. आजी अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) घालत नाहीत. त्यांच्या बोटाला घट्टे असताना गरजही नाही. माझा एक हात होईपर्यंत त्यांचे तीन.

काठ धरला नसल्यामुळे शेवटी गोट, म्हणजे काठ झाकणारी पट्टी, माझ्याच पद्धतीने. ३०० इंच घेर, अधिक कोपरे आणि जोड यांना १२ इंच. ४४ इंची पन्ह्याच्या कापडाच्या अडीच इंची ८ पट्ट्या पुरतात, म्हणजे २० इंच कापड. पट्ट्या तिरप्या जोडायच्या, नाहीतर जोडाच्या जागी गाठ येते. पट्टी दुहेरी दुमडून पुढच्या बाजूला पाव इंचावर टीप. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी वर तिरकी दुमडायची, मग सरळ खाली. उरेब (कापड तिरपं कापून काढलेली) पट्टी फक्त गोलाईला लागते, सरळ काठाला उरेब कापून उगाच कापड नासवू नये. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांना घडी घातलेले कापडी त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि त्याशिवाय गोधडी उघडी समजतात. मी आजींना फोटो दाखवला. "कोपरा झिजतो पहिला, शहाण्या हायेत," एवढाच शेरा.

पाचच्या सुमारास ऊन कललं आणि शेजाऱ्यांना गाडी लावायची होती. गोट पुढून लागला होता. मागची तुरपाई घरी मांडीवर होते, तिला जमीन लागत नाही. बोचकं परत बांधलं. आत्याने वर सुकटीची चटणी बांधून दिली, ती गोधडीपासून लांब ठेवा म्हणून दोनदा बजावलं.

कुणाला असा बेत करायचा असेल तर थंडीत करा. मार्चनंतर अकराच्या आत पिना मारून व्हायला हव्यात, नंतर फरशीवर गुडघा टेकत नाही.