स्टेडियम तक्ता, नोंद 7: टेरेसचा ‘सी’ अखेर सुटला

इंग्लिश फुटबॉलच्या लीग वन आणि लीग टू (तिसरी आणि चौथी श्रेणी) मधल्या स्टेडियमांना गुण देणाऱ्या आमच्या तक्त्यातलं टेरेसचं, म्हणजे उभं राहून खेळ बघायच्या पायऱ्यांचं, गणित सुटलं. नोंद 6 मध्ये तक्ता जिथे अडला होता, खोट नेमकी तिथेच होती. खेळ किती नीट दिसतो त्या, म्हणजे दृश्याच्या, रकान्यात एक्सेटरचा बिग बँक हा टेरेस तळाला गेला होता आणि गावाबाहेरची नवी, एकसारख्या खुर्च्यांची स्टेडियमं वर येऊन बसली होती. इंग्लिश लीगमध्ये उरलेल्या सर्वात मोठ्या टेरेसवरून खेळ दिसतच नसता, तर लोक बसायची जागा सोडून तिथे कशाला गेले असते?

सी म्हणजे मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोळ्याच्या किती वरून जाते, ती उंची. सूत्र बरोबर आहे, ते पुन्हा देतो: सी = डी × (एन + आर) ÷ (डी + टी) − आर. डी म्हणजे पुढच्या माणसाच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर, आर म्हणजे त्याच डोळ्याची मैदानापासूनची उंची. एन ही पायरीची उंची आणि टी पायरीची खोली. उत्तर 120 मिलिमीटर आलं तर उत्तम, 90 चांगलं, 60 च्या खाली गेलं की मान वाकडी करायची वेळ.

खुर्च्यांसाठी नमुना घ्या: डी 12 मीटर, आर 2 मीटर, पायरी 30 सेंमी उंच, 80 सेंमी खोल. सी येतो 156. त्याच चढाने पंधरा रांगा मागे जा. डी 24, आर 6.5 होतो आणि सी उतरतो 81 वर. म्हणून चांगल्या स्टँडचा चढ वर जाताना वाढत जातो. सरळ चढाचा स्टँड मागच्या रांगांवर अन्याय करतोच.

आता टेरेस. पायरी 15 सेंमी उंच, 38 सेंमी खोल, उभ्या माणसाचा डोळा 1.65 मीटरवर, पहिली पायरी रेषेपासून 10 मीटरवर. खाली सी 84. वीस पायऱ्या वर डी 17.6, आर 4.65, आणि सी फक्त 49. नापास! बिग बँक बुडाला तो या 49 मुळे.

चूक अशी की आपण लगेच पुढच्या पायरीवरचा माणूस अडथळा धरला. टेरेसवर कुणी कुणाच्या बरोब्बर मागे उभं राहत नाही. दोघांच्या मधल्या फटीत सरकतो. ग्रीन गाइडमधली (ब्रिटनमधली स्टेडियम सुरक्षेची मार्गदर्शिका) कमाल दाटी आहे चौरस मीटरला 4.7 माणसं. 38 सेंमीच्या पायरीवर ती होतात मीटरला 1.79, म्हणजे माणशी 56 सेंमी. डोकं रुंद असतं साधारण 15 सेंमी. स्टँड खच्चून भरला तरी फट उरते. सुरक्षेच्या गुणकाने दाटी 0.8 पट केली तर माणशी 70 सेंमी मिळतात. त्यामुळे खरा अडथळा दोन पायऱ्या पुढचा माणूस. एन 30 सेंमी आणि टी 76 सेंमी धरून तीच जागा पुन्हा मोजली: सी 95. दुप्पटच झाला जवळजवळ, आणि खुर्च्यांच्या मागच्या रांगेपेक्षा सरस.

हे लिहिता लिहिताच पुढचा प्रश्न आला: खुर्च्यांच्या स्टँडमध्ये सगळे उभे राहिले तर? डोळे 45 सेंमी वर जातात, पण खुर्च्या एकामागे एक असल्याने फटीचा फायदा नाही. वरचं 81 घसरून 66 होतं. पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या बाजूला हे दर सामन्याला घडतं. म्हणजे दृश्याचा रकाना एक ठेवून चालणार नाही. ‘बसून’, ‘सगळे उभे’ आणि ‘टेरेस’ असे तीन करायचे, आणि गुण स्टेडियमला न देता स्टँडला द्यायचे. श्रूसबरीच्या रेल सीट, म्हणजे रेलिंग लावलेल्या, उभं राहता येणाऱ्या खुर्च्या (2018, इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्या) ‘सगळे उभे’मध्ये मोजायच्या. रेलिंगमुळे सुरक्षा वाढते, सी वाढत नाही.

मोजमापाबद्दल. गूगल अर्थची पट्टी जमिनीवर विश्वासाची आहे. पेनल्टी क्षेत्राची 40.32 मीटर रुंदी आधी मोजून पट्टी तपासा, मग डी घ्या. त्याचं त्रिमितीय मॉडेल मात्र पायऱ्या गुळगुळीत करून टाकतं, एनसाठी ते उघडूच नका. एनसाठी बाजूच्या विटांच्या भिंतीचा फोटो हवा. इंग्लिश विटेचा थर मसाल्यासकट 75 मिमी. दोन थर म्हणजे 15 सेंमी, चार थर म्हणजे 30. फोटो समोरून हवा. तिरक्या फोटोत थर चुकीचे मोजले जातात.

खांबांचं सोपं निघालं. खांबाची रुंदी गुणिले लक्ष्याचं अंतर, भागिले खांबाचं अंतर. 20 सेंमीचा खांब 4 मीटरवर असेल तर 60 मीटरवरच्या गोलचे 3 मीटर झाकतो, 7.32 पैकी. ग्रिम्सबीच्या ब्लंडेल पार्कचा मेन स्टँड (काही भाग 1901 चा) इथे गुण गमावतो आणि जुनेपणाच्या रकान्यात कमावतो. ते योग्यच आहे. 11 मे 1985 ला ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेडवर लाकडी स्टँड पेटून 56 माणसं गेली, त्यानंतर असे स्टँड फार थोडे उरले. हडर्सफील्डचं 1994 चं स्टेडियम कमानींवर छप्पर पेलतं, खांबांचा गुण पूर्ण. खालच्या श्रेण्यांच्या नव्या बांधकामांत ते आमच्या मते अजूनही अव्वल.

एकूण क्षमतेचा रकाना काढून टाकला. बर्टनचं पिरेली स्टेडियम 6,912 चं, त्यात खुर्च्या फक्त 2,034, तीन बाजू टेरेस. मिल्टन कीन्सचं 30,500 चं. हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. बर्टन चॅम्पियनशिपमध्ये (दुसऱ्या श्रेणीत) दोनच हंगाम होता, म्हणून टेरेस वाचले. तिथे तीन हंगाम काढले की सगळीकडे खुर्च्या लावाव्या लागतात. त्याऐवजी ‘टेरेस शिल्लक: किती बाजू’ असा रकाना घातलाय.

ब्लॅकबर्न क्लब पुण्याच्या व्यंकीजच्या मालकीचा, म्हणून त्याचं इवुड पार्क घ्या असा आग्रह आहे. तक्ता 2024-25 च्या लीग वन आणि लीग टूचा, ब्लॅकबर्न तेव्हा वरच्या श्रेणीत. 2017-18 मध्ये तो लीग वनमध्ये होता, त्या हंगामाचा वेगळा तक्ता झाला तर नक्की घेऊ.

आता ब्रंटन पार्क. कार्लाइलचा ईस्ट स्टँड मैदानाशी जुळत नाही, कारण मैदान सरकवायचा बेत होता आणि तो झालाच नाही. तिथे एका टोकाच्या रांगांचा डी टचलाइनपासून (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपासून) धरायचा की कॉर्नरपासून, हे ठरल्याशिवाय त्याची ओळ भरता येत नाही. तूर्त दोन्ही भरतोय, वेगवेगळ्या रंगात.