जॉबशीटवरचा पासवर्डचा रकाना आणि माझे दोन हेलपाटे

लॅपटॉपचा डिस्प्ले गेला ही काही मोठी गोष्ट नाही, बदलून पण मिळाला, वॉरंटीत मिळाला, एक रुपया गेला नाही. मला लिहायचंय ते त्या सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवरच्या, म्हणजे दुरुस्तीला घेताना ते भरतात त्या फॉर्मवरच्या, एका रकान्याबद्दल, कारण दीड महिना होऊन गेला तरी आठवलं की डोकं फिरतं.

मी नाशिकला घरूनच टॅक्सची कामं करते. जीएसटी, इन्कमटॅक्स रिटर्न, थोडंफार अकाउंटिंग. साठ-सत्तर क्लायंट आहेत, बरेचसे दुकानदार, काही रिटायर्ड शिक्षक, दोन-तीन डॉक्टर. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्क्रीनवर उजवीकडे हिरव्या रेघा यायला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं काळं. जुलै म्हणजे आमचा सीझन, पगारवाल्यांच्या रिटर्नची ३१ तारीख, त्यानंतर कलम २३४एफची लेट फी, उत्पन्न पाच लाखाच्या आत असेल तर एक हजार नाहीतर पाच हजार, आणि ती लोक माझ्याकडूनच वसूल करायला बघणार. त्यामुळे पळतच गेले.

आधी हे सांगते की माझ्या लॅपटॉपवर काय असतं. लोकांना वाटतं फोटो असतील, तर फोटो फारसे नाहीतच. पॅन, आधार, बँक स्टेटमेंटं, फॉर्म १६, आणि एक एक्सेल. ती एक्सेल म्हणजे प्रत्येक क्लायंटच्या पोर्टलचा यूजर आयडी, पासवर्ड, जन्मतारीख, मोबाईल नंबर. माहितीये, असं ठेवू नये, पण या धंद्यातल्या कुणालाही विचारा, शंभर पोर्टलचे पासवर्ड कुणाच्या डोक्यात राहतात. आणि गंमत बघा, ई-आधारचं पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एआयएसचा (इन्कमटॅक्सकडचं वर्षभराच्या उत्पन्नाचं स्टेटमेंट) म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. म्हणजे त्या फायलींना कुलूप आहे आणि किल्ली त्याच फोल्डरमध्ये शेजारी पडलेली. शिवाय क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड असतातच, ते बघायला विंडोजचा पिन टाकला की सगळे दिसतात. चार आकडी पिन कुणाला दिला म्हणजे साठ-सत्तर घरं दिली.

तर सर्व्हिस सेंटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, अधिकृत होतं एवढं पुरे. टोकन घेतलं, पाऊण तास बसले. माझ्या पुढे एक गृहस्थ होते, त्यांना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सिस्टीम पासवर्ड?" त्यांनी सांगितला, स्वतःच्या मुलीचं नाव आणि पुढे २०१२. ती म्हणाली, "पहिलं अक्षर कॅपिटल का सर?" ते म्हणाले हो, आणि शेवटी ॲट द रेट. तिने परत अख्खा मोठ्याने वाचून दाखवला, बरोबर आहे ना म्हणून. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं बसलेली. मग त्याची प्रिंट निघाली, एक कॉपी त्यांना, एक लॅपटॉपला चिकटवली, पासवर्ड बाहेरच्या बाजूने. तो लॅपटॉप मागे रॅकवर गेला तिथे असे वीसेक होते, सगळ्यांवर कागद चिकटवलेले.

माझा नंबर आला. "सिस्टीम पासवर्ड?"

म्हटलं, कशाला? डिस्प्ले गेलाय, आत सगळं ठीक आहे.

"इंजिनिअरला टेस्टिंगला लागतो मॅडम."

म्हटलं, अगं स्क्रीन लागली की पासवर्डचं पान दिसेल, ते दिसलं म्हणजे स्क्रीन लागली, अजून काय टेस्ट करायचंय? तर तिने मॉनिटर माझ्याकडे वळवून दाखवला, त्या रकान्यापुढे लाल फुली. "कंपल्सरी आहे. रिकामा ठेवला तर जॉबशीट सेव्हच होत नाही." बरं, त्याच जॉबशीटच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की डेटाची कुठलीही जबाबदारी सर्व्हिस सेंटरवर नाही, बॅकअप ग्राहकाने घ्यावा. मी तिला तेच दाखवलं, की जबाबदारी माझी आणि पासवर्ड तुमच्याकडे, हे कसं काय? ती बिचारी पगारी पोरगी, ती काय बोलणार, तिने सुपरवायझरला बोलावलं. तो आला आणि म्हणाला की मग पासवर्ड काढूनच टाका, विदाउट पासवर्ड पण चालतो आम्हाला. म्हणजे कुलूप दाखवू नका, दारच उघडं ठेवा. मी नाही म्हटल्यावर म्हणाला, "रोज शंभर लोक देतात, कुणाला काही प्रॉब्लेम नसतो. आम्ही काय तुमचे फोटो बघत बसणारे का काकू?"

काकू म्हणाला त्याचा राग वेगळा. पण फोटोचं म्हणाल तर बघतात हो, मी स्वतः पाहिलंय. आमचा नेहमीचा रिपेअरवाला, बारा वर्षं त्याच्याकडे जायचे, माणूस चांगला, उधारीवर रॅम टाकून द्यायचा. पासवर्ड मी स्वतः चिठ्ठीवर लिहून चिकटवून द्यायचे, कधी मनात काही आलं नाही. दोन वर्षांपूर्वी प्रिंटरची केबल घ्यायला गेले तर त्याच्याकडच्या पोऱ्याने कुणाचा तरी लॅपटॉप उघडून ठेवलेला आणि त्यावर त्या घरच्या बारशाचे फोटो एकामागून एक चाललेले, पाळणा, बायका, बाळंतीण बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. पोऱ्या वडापाव खात बघत होता. मला म्हणाला, "डिस्प्ले टेस्ट करतोय मॅडम, कलर बघतोय." त्या पोराच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण त्या बाळंतिणीला कुणी विचारलं होतं?

तर सर्व्हिस सेंटरमध्ये मी आवाज चढवला, दोन-चार लोक हसले, एक आजोबा मला म्हणाले, द्या हो, काही होत नाही. मी लॅपटॉप उचलला आणि निघाले. पार्किंगमध्ये आल्यावर बॅगेत ठेवताना बघते तर बाजूच्या पोर्टमध्ये एका क्लायंटचा डिजिटल सहीचा टोकन तसाच लावलेला! म्हणजे आत अर्धा तास पासवर्डवरून भांडले आणि दुसऱ्याची सही काउंटरवर मांडून उभी होते. हे घरी कुणाला सांगितलं नाही, इथेच लिहितेय. द्यायच्या आधी सगळी पोर्टं बघा, मेमरी कार्डाची खाच पण.

संध्याकाळी भाच्याला फोन लावला, तो पुण्यात आयटीत आहे. त्याने आधी मलाच झापलं, त्या एक्सेलवरून. मग म्हणाला, आत्या, पासवर्ड न देणं हे अर्धंच आहे, कारण आतली एसएसडी, म्हणजे ज्यावर सगळा डेटा असतो ती पट्टी, काढून यूएसबीच्या डबीत घातली की पेनड्राइव्हसारखी उघडते, विंडोजचा पासवर्ड विचारतच नाही, एन्क्रिप्शन, म्हणजे डेटालाच कुलूप, चालू असेल तरच अडते. माझं बघायचं कसं, स्क्रीन तर काळी. तर एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीला जोडला, टीव्हीवर लगेच आलं नाही तर विंडोज आणि पी एकत्र दाबायचं. घरच्यांची मालिका बंद, हॉलमधल्या ४३ इंची पडद्यावर माझ्या क्लायंटची टॅली, मिस्टर म्हणाले आता आम्ही बघितलेलं चालतं का.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं, माझं नशिबाने आधीपासून चालू होतं, मला पत्ताच नव्हता. त्याची रिकव्हरी की असते, ४८ आकडी, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये फोनवरून पण बघता येते. भाचा म्हणाला, ती आत्ता डायरीत लिही, नंतर नको. सहा-सहाचे आठ गट, मी चिडचिड करत लिहिले. या डायरीवर पुढे येतेच.

मग रिपेअर नावाचं वेगळं अकाउंट काढलं, अकाउंट्समध्ये अदर यूजर्सखाली, साधं, ॲडमिन नाही. मला वाटलं झालं. तर भाचा म्हणाला, डी ड्राइव्हचं काय? आणि माझं सगळं डी ड्राइव्हवरच! सीमधल्या आपल्या यूजरच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या साध्या अकाउंटला जाता येत नाही, पण डीवर आपण नुसते फोल्डर करून ठेवतो ते सगळ्यांना उघडे असतात. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, तुम्हाला पण नसेल. रात्री दीडपर्यंत बसून सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलं आणि डी रिकामा केला, रिसायकल बिन सकट.

भाच्याने एक अभ्यास पण पाठवला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये १६ दुकानांत मुद्दाम लॅपटॉप दुरुस्तीला दिले, आत गुपचूप रेकॉर्डिंग चालू ठेवून. सहा ठिकाणी आतल्या खाजगी फायली उघडलेल्या निघाल्या, दोन ठिकाणी चक्क कॉपी केलेल्या, आणि बाईचा लॅपटॉप असला की हे जास्त. नुसती बॅटरी बदलायला नेला तरी एक सोडून सगळ्यांनी पासवर्ड मागितला होता म्हणे. ते वाचून मला इतकं बरं वाटलं, म्हणजे वाईटच वाटायला पाहिजे होतं, पण बरं वाटलं, की मी वेडी नाही.

तिसऱ्या दिवशी परत गेले. तीच मुलगी. म्हटलं, घे, यूजर रिपेअर, पासवर्ड रिपेअर१२३. मला वाटलं खूश होईल. तर म्हणते, "ॲडमिन आहे ना मॅडम?" नाही म्हटलं. "मग नाही चालणार, ड्रायव्हर टाकायला ॲडमिन लागतो." डिस्प्ले बदलायला ड्रायव्हर कशाला? तिला माहीत नाही, मला माहीत नाही, तो सुपरवायझर लांबून बघून दुसरीकडेच गेला. आता मात्र मी खुर्चीत बसकण मारली आणि सांगितलं की ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असतो तो माणूस बाहेर पाठव, त्याच्याशीच बोलते. वीस मिनिटं गेली, एकदा ती म्हणाली सर लंचला गेलेत, म्हटलं जेवू देत, मी डबा आणलाय. खरंच आणला होता.

शेवटी आतून एक तिशीतला मुलगा आला, ॲप्रन घातलेला. त्याला सांगितलं, बँकेची आणि टॅक्सची लोकांची कागदं आहेत, माझी असती तर दिला असता पासवर्ड (दिला नसता). तो म्हणाला, "मग एसएसडीच काढून घेऊन जा ना मॅडम. डिस्प्लेला काय करायचीये ती?"

एवढंच! एवढंच होतं ते! दोन हेलपाटे, एक रात्र, टीव्ही, भांडण. त्याने तिथेच काउंटरवर मागचं झाकण उघडलं, एक स्क्रू, च्युइंगमच्या पट्टीएवढी ती एसएसडी काढली, चंदेरी पाकिटात घातली आणि माझ्या हातात दिली. पाच मिनिटं पण लागली नसतील. म्हणाला आम्ही आमच्या पेनड्राइव्हवरून टेस्ट करतो, असंही. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका, त्यांच्याच हाताने काढून घ्या आणि जॉबशीटवर लिहून घ्या, विदाउट एसएसडी. काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, तिथे हे जमत नाही, मग ते वेगळ्या अकाउंटचंच बघावं लागेल.

आणि आता ऐका. मी मुलीला विचारलं, मग त्या कंपल्सरी रकान्याचं काय? तिने शांतपणे टाईप केलं, एन ए. सेव्ह झालं. प्रिंट निघाली. पासवर्ड: एन ए. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे नाही बघितलं.

सहा दिवसांनी फोन आला, गेले, त्याच मुलाने एसएसडी बसवली, चालू केला तर निळा पडदा, रिकव्हरी की टाका. मध्ये त्यांनी बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलेलं, तसं केलं की मशीनला वाटतं कुणीतरी छेडछाड केली आणि ते की मागतं. मुलगी म्हणाली, "मॅडम, आता फॉरमॅट मारायला लागेल बहुतेक." मी पर्समधून डायरी काढली. तिला म्हटलं, तिकडे बघ जरा. चाळीसवर आठ आकडे एका बोटाने टाकले, एकदा चुकले, परत टाकले, आणि विंडोज उघडलं. ॲप्रनवाला म्हणाला, असं लिहून आणलेलं मी पहिल्यांदाच बघतोय. सांगायला हरकत नाही, त्या दिवशी रिक्षाने न जाता चालत घरी गेले. ३१ च्या आत सगळी रिटर्नं पण गेली.

राहिलेलं आठवेल तसं लिहिते. फोनवरचं व्हॉट्सॲप लॅपटॉपवर चालू असतं ते देताना फोनमधूनच लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन काढून टाका, लॅपटॉप मेला असला तरी हे होतं. जीमेल पण तसंच, गूगल अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या यादीतून साइन आउट. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड म्हणून असतं, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड, ते लावून दिलं की आपलं काही दिसत नाही आणि फोन मात्र चालतो. पासवर्ड द्यावाच लागला, म्हणजे विंडोजच बिघडलं असेल तर लागतो, तर देण्याआधी बदलून काहीतरी तात्पुरता ठेवा आणि आणल्यावर परत बदला. परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं हे मला पण माहितीये, पण जॉबशीटवर तुमच्याच सहीने पासवर्ड लिहिलेला असला की कुणी, कधी, काय कॉपी केलं हे दाखवत बसायला तुम्हालाच लागणार.

एक्सेल अजून आहे. तिला आता पासवर्ड लावलाय आणि तो डायरीत नाही. भाच्याने पासवर्ड मॅनेजर शिकवलाय, अकरा क्लायंट त्यात टाकून झालेत, बाकीचे दिवाळीनंतर बघू.

एन ए लिहिलेली ती जॉबशीट मी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलीये. वॉरंटी अजून अकरा महिने आहे, आणि की-बोर्डचं ई बटण आत्ताच अडकायला लागलंय.