सात तुटक, एक लांब

जहाजाचा भोंगा सात वेळा तुटक वाजतो आणि आठव्यांदा लांबलचक. त्याचा अर्थ जगभर एकच: हातातलं टाका आणि ठरलेल्या जागी जमा व्हा. त्या जागेला मस्टर स्टेशन म्हणतात, आणि तिथे जमायच्या सरावाला ड्रिल. खोली उघडायचं जे कार्ड मिळतं त्यावर तिचं अक्षर बहुतेक जहाजांवर छापलेलंच असतं, म्हणजे ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय नाही. लोक तरी म्हणतातच.

शेजारच्या काकाजींच्या पोराने पुण्याहून आईबापांना मुंबई-गोवा जहाजाची तिकिटं पाठवली. लग्नाचा वाढदिवस, दुसरं काय. सोबतीला म्हणून आम्ही दोघं. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडची चार माणसं वरठीला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढली, लाखोळीचे वडे बडनेऱ्याच्या आतच संपले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बंदरावर. जहाज म्हणजे काय, तर आमच्या पंचायत समितीची इमारत दहा वेळा एकावर एक ठेवली तरी पुरायची नाही. काकाजींनी मान मागे टाकून ते पाहिलं आणि निकाल दिला, “हे त बुडूच शकत नाही.”

आत गेल्यावर पहिला शोध अर्थातच जेवणाचा लागला. कुठे काय मांडलंय याची टेहळणी होऊन ताटं भरतात न भरतात तोच भोंगा. वाढपी झाकणं टाकायला लागले. काकाजी जागचे हलेनात.

“आत्ताच त प्लेट भरली जी,” ते त्या पोऱ्याला म्हणाले. “बुडाची येळ येईन तवा पाहू.”

त्या बिचाऱ्याला वऱ्हाडी कळो न कळो, हे वाक्य त्याने बऱ्याच भाषांत ऐकलेलं असावं. हसून त्याने ताट हातातून घेतलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं. लिफ्ट नाही, जिना. खरोखरीच्या प्रसंगात लिफ्ट वापरायची नसते, म्हणून सरावातही नाही. काकूंचे गुडघे कुरकुरले आणि त्यांच्या आधी काकू.

“निंगताना कायले असं अभद्र दाखवतेत हे लोक? नारळ फोडा, आरती करा. आपला ढिवर डोंग्यालेबी नारळ फोडते.”

काकूंच्या या बोलण्यातच मला अख्खी गोम सापडली. लोक ड्रिल चुकवतात ते आळसाने, असा सगळ्यांचा समज असतो. आळस असतोच, नाही कुठे. पण त्याच्या खाली शुभ बोल रे नाऱ्या असतो. मांडवात कुणी घटस्फोटाचा वकील बोलावत नाही, आणि इथे सुट्टीची गाठ सुटायच्या आधी, अंगावर नवे कपडे असताना, तुम्हाला म्हणतात की चला, आपण बुडालो असं धरून चाला. वरून नारिंगी जाकीट. चारचौघांत बावळट दिसायला माणूस जिवाच्या धोक्याइतकाच भितो, कधीकधी थोडा जास्तच.

आमच्या स्टेशनवर एक मुलगी जाकीट घालून दाखवत होती. आधी डोकं आत, मग पट्टा पाठीमागून पुढे, पोटावर खटका, खटका लागला की हिसका देऊन आवळायचं. ही शिट्टी. हा दिवा, पाण्याला लागला की आपोआप पेटतो. तिच्यासमोर मोबाइलच मोबाइल उभे. ऐकत कुणीच नव्हतं, पण शूटिंग सगळ्यांकडे होतं. एक पोरगं शिट्टी वाजवून पाहायचा हट्ट धरून बसलं होतं आणि सगळ्या घोळक्यात शिकायची खरी इच्छा असलेला तेवढा एकच.

मग हजेरी. एकेकाचं कार्ड यंत्राला लावून टिकटिक करत पुढे. काकाजींना इथे ग्रामसभा आठवली असणार. मला तर आठवलीच. आमच्याकडे सह्यांचं रजिस्टर चावडीच्या दारातच असतं, सही ठोकायची आणि तसंच पानठेल्याकडे वळायचं. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. इतका सोयीचा कायदा दर्यावर नाही. तिथे एक जरी नाव राहिलं तरी ते पुकारतात, खोलीवर माणूस पाठवतात, आणि कुणी अडूनच बसलं तर त्याला बंदरावर उतरवून द्यायचा अधिकार कंपन्या राखून ठेवतात.

‘बुडूच शकत नाही’ हे काकाजींचं म्हणणं फार जुनं आहे. १९१२ च्या एप्रिलात टायटॅनिकच्या लोकांचंही तेच होतं. हिमनगाला धडक बसून तास उलटला तेव्हा पहिली होडी पाण्यात सोडली. जागा ६५ जणांची, बसले २८ च्या आसपास. वर दिव्यांचा झगमगाट, पायाखाली भक्कम डेक आणि खाली अंधारात हेलकावणारी होडी. ऊबदार जहाज सोडून तिच्यात कोण बसणार? पुढे १९१४ मध्ये जहाजावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, सोलास म्हणतात तो. तो पुन्हापुन्हा सुधारला, आज १९७४ चा चालतो.

पण नियमालाही आपल्यासारखीच सवलतीची सवय असते. कित्येक वर्षं असं होतं की प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत सराव झाला की पुरे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाजावर चिवितावेक्किया बंदरात ६०० हून जास्त नवे प्रवासी चढले. त्यांचा सराव दुसऱ्या दिवशी ठरलेला. जहाज निघालं आणि अडीच तासांच्या आत जिल्यो बेटाजवळच्या खडकाला घासलं. माणसं जेवत होती. त्यांना सांगितलं, विजेचा बिघाड आहे. जहाज सोडायची सूचना व्हायला तासाहून जास्त गेला. ३२ माणसं गेली. कप्तान प्रवाशांच्या आधी उतरला, त्याचं नाव जगाने लक्षात ठेवलं. मला मात्र ते ६०० लोक डोळ्यापुढे येतात. त्यांच्या बाबतीत सरावाचा नियम मोडला नव्हता, आणि कुठल्या जिन्याने जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: सराव जहाज सुटायच्या आधी, नाहीतर सुटताक्षणी. काकाजींची प्लेट गेली ती त्यामुळे.

करोनानंतर बऱ्याच जहाजांनी गर्दी टाळायला नवी तऱ्हा काढली. भाषण फोनवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर पाहा, नंतर आपल्या सवडीने स्टेशनवर जाऊन कार्ड दाखवा. लोक खूश. आवाज बंद करून व्हिडिओ पुढे सरकवायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरी स्टेशनपर्यंत जायची अट त्यांनी काढली नाही, यात मला शहाणपण दिसतं. भाषण विसरलं तर विसरलं. धुरात नाहीतर अंधारात जिना कुठे वळतो ते पायांना ठाऊक पाहिजे, आणि पाय व्हिडिओ पाहत नाहीत.

आता, आम्ही पाण्याला नवखे नाही. उशाला गोसीखुर्दचं धरण, त्याला ३३ दरवाजे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. दरवाजे उघडायचे म्हटलं की नदीकाठच्या गावांना इशारा येतो, नदीपासून दूर राहा. इशारा आला की अर्धं गाव पुलावर. पाणी किती चढलं ते पाहायला, पोरांना खांद्यावर घेऊन, वरून फोटो. भोंगा ऐकून त्याच्या उलट्या दिशेने जायचं असतं हे आमच्या रक्तातच नाही.

आणि डोंगा, म्हणजे आमची छोटी होडी. पलीकडच्या शेतात जायचं तर पूल फार दुरून पडतो, डोंगा समोर उभा. जानेवारी २०२४ मध्ये खाली गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ याच वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडायच्या मजुरीला निघालेल्या सहा बाया गेल्या. जाकीट, भोंगा, जमायची जागा, हजेरी, यातलं काहीच रोजच्या डोंग्याच्या वाट्याला येत नाही. जो प्रवास हौसेचा, त्याची तालीम सक्तीची. जो पोटाचा, त्याला विचारतो कोण?

गोव्याहून आल्यावर काकूंना पलीकडे बांध पाहायला जायचं होतं. मीही होतो. डोंग्यात खताच्या दोन बॅगा, एक सायकल, निंदणाच्या बाया. काकू काठावरच थांबल्या.

“काहून रे, जाकीट कोठी आहे तुह्या डोंग्यात?”

डोंगेवाल्या पोराला आधी काही समजेना. मग तो उठला. तो ज्यावर बसला होता ते नारिंगी जाकीटच होतं, कधीतरी कुठल्यातरी योजनेत आलेलं, दबून पार पोळी झालेलं. शिट्टी कुण्या पोराने तोडून नेली होती, खटका मात्र शाबूत. काकूंनी ते झटकलं, लुगड्यावरून चढवलं, पट्टा पाठीमागून पुढे घेतला, खटका लावला आणि हिसका देऊन आवळला, अगदी त्या मुलीसारखा. जहाजावर सगळे शूटिंग करत होते तेव्हा ही बाई बघत होती तर! बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

काकाजी काठावरून ओरडले, “अवं, लोक का म्हनतीन!”

“म्हनू द्या.” त्या सायकलला धरून मधोमध बसल्या.

पोरगा वल्हं हातात घेऊन तसाच उभा. “ते समदं ठीक हाये, मोठीमाय,” तो म्हणाला, “पन मी आता कायच्यावर बसू?”